चार दिवसांच्या रजेचा दावा

१९५७ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबई राज्यातल्या एका विडी कारखान्यातून एक कामगार सुटला. कारखाना निरीक्षकाचे म्हणणे असे, की जेवढे दिवस त्याने विड्या वळल्या त्या हिशेबाने चार दिवसांची पगारी रजा त्याच्या नावावर साठली होती. ती त्याला मिळाली नाही, आणि तिचे पैसेही मिळाले नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा होती. निरीक्षकाने खटला भरला, मालक दोषी ठरला, आणि चार दिवसांच्या मजुरीचा वाद दिल्लीपर्यंत गेला. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकाची शिक्षा रद्द केली. रजेचे गणित चुकले होते असे न्यायालय म्हणाले नाही. तो माणूस कायद्याच्या अर्थाने कामगारच नव्हता, असे म्हणाले.

‘शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे या प्रकरणाचे नाव. शीर्षकात मालक आहे, सरकार आहे. ज्याच्या चार दिवसांवरून हे सगळे झाले तो अपीलकर्ताही नाही आणि प्रतिवादीही नाही. तो फक्त मजकुरात येतो, तोही वस्तुस्थिती म्हणून. त्याने विड्या वळल्या त्या दिवसांबद्दल आज हाताशी उरते ते न्यायाधीशांनी ग्राह्य धरलेल्या गोष्टींचे टिपण. पण टिपण बारकाईचे आहे, आणि त्यावरून त्याचा दिवस बऱ्यापैकी उभा करता येतो.

पाने आणि तंबाखू मालकाकडून मिळे. बसायचे कारखान्यातच. मात्र अमुक वाजता आलेच पाहिजे असे बंधन नव्हते. केव्हाही यावे, केव्हाही जावे. दिवसाला किमान इतक्या विड्या झाल्याच पाहिजेत असेही नव्हते. संध्याकाळी झालेल्या विड्या मोजून द्यायच्या, ठरल्या दराने पैसे घ्यायचे. ज्या विड्या पसंतीस उतरणार नाहीत त्या बाजूला काढल्या जात. काम चालू असताना वर कोणी उभा राहून हात कसा चालतो ते पाहत नसे. सलग दहा दिवस यायचे नसेल तर व्यवस्थापनाला कळवायचे होते. पण ते परवानगीसाठी नव्हे, माणूस काम सोडून गेलेला नाही एवढे कळावे म्हणून. नोकरीचा लेखी करार नव्हता.

या सगळ्याचा अर्थ काय लावायचा यावर तिघा न्यायाधीशांत दुफळी झाली. बहुमताचा निकाल न्या. रघुबर दयाल यांनी लिहिला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा: मालक-नोकर हे नाते कामावरच्या नियंत्रणातून सिद्ध होते. जो केव्हाही येतो, केव्हाही जातो, ज्याच्याकडून किती काम व्हावे हे मालक सांगू शकत नाही, त्याच्यावर नियंत्रण आहे असे म्हणता येत नाही. पुढे ते कारखाना कायद्यातल्या रजेच्या प्रकरणाकडे वळतात, आणि मला हा भाग निकालातला सर्वांत बोलका वाटतो. रजेच्या काळातली मजुरी ‘पूर्णवेळ कमाई’च्या दैनिक सरासरीने द्यायची, असे कायदा सांगत होता. ज्याला कामाची वेळच ठरवून दिलेली नाही त्याची पूर्णवेळ कमाई कशी काढणार? आणि जो मनात येईल तेव्हा गैरहजर राहू शकतो, त्याला वेगळी रजा ती कशाला?

तर्क म्हणून यात खोट काढणे सोपे नाही. गैरहजेरीच्या दिवशी त्याला छदामही मिळत नव्हता, ही गोष्ट मात्र या तर्कात कुठेच वजन धरत नाही. घरी राहण्याची मुभा आणि पगारी रजा यांत पैशाचा फरक आहे, आणि खटला त्या पैशाचाच होता. न्या. सुब्बा राव यांनी विरोधी मत नोंदवले ते याच अंगाने. कारखान्याची वेळ ठरलेली, जागा मालकाची, कच्चा माल मालकाचा, विडी पसंत-नापसंत करण्याचा हक्क मालकाचा. विडी वळणे हे असे काम की त्यात डोक्यावर उभे राहण्याची गरजच पडत नाही. कामाच्या स्वरूपाला जेवढी देखरेख लागते तेवढी इथे होती, म्हणून हा कामगारच, असे त्यांचे मत होते. पण ते एकटे पडले.

गंमत अशी, की जेमतेम वर्षभर आधी, १९६० च्या डिसेंबरात, याच न्यायालयाने नागपूरच्या विडी कामगारांबद्दल उलट निकाल दिला होता. तो ‘बिरधीचंद शर्मा’ या नावाने ओळखला जातो. तिथेही वाद रजेचाच. कामगारांनी पंधरा दिवसांची रजा मागितली, ते कामावर गेले नाहीत, व्यवस्थापकाने त्या दिवसांचे पैसे दिले नाहीत. तिथेही मजुरी नगावर, तिथेही केव्हाही यावे-जावे. मग फरक काय? नागपुरात हजेरी मांडली जात असे. दुपारनंतर जो येई त्याला तंबाखू मिळत नसे, कारखाना संध्याकाळी सातपर्यंत उघडा असला तरी. आणि आठ दिवस न सांगता गैरहजर राहणाऱ्याला काढून टाकता येईल, असे स्थायी आदेश होते. एवढ्यावरून न्या. वांछू यांनी ते कामगार असल्याचा निर्वाळा दिला.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की दिसते, एकाच धंद्यातल्या दोन माणसांचे भवितव्य दुपारची सीमा आणि हजेरीची वही या दोन गोष्टींवर वेगळे झाले. शिस्तीचा कारखानदार हरला, ढिलाईचा जिंकला. कोणत्याही मालकाच्या वकिलाने यातून काय शिकावे हे उघड आहे: वही ठेवू नका.

हे सगळे नांदेड-लातूरच्या वाचकाने का वाचावे? त्यासाठी एक तारीख लक्षात घ्यावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद हे जिल्हे मुंबई राज्यात आले. बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुकेही आले. पुढे १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तो उस्मानाबादचे काही तालुके आणि हे तालुके मिळून. त्याच दिवशी मध्य प्रदेशातून नागपूर आणि विदर्भ आला, आणि सौराष्ट्रही आले. म्हणजे नागपूरची विडी, वाज्यांची विडी आणि सौराष्ट्रातले मिठागर हे मालक-मजूर नात्यावरचे तीन पायाभूत खटले ज्या मातीतले, ती सारी माती काही वर्षे नांदेडसह एकाच राज्यात होती. आपल्याकडच्या इतिहासात द्विभाषिक मुंबई राज्य म्हटले की संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन येते, हुतात्मे येतात. ते बरोबरच आहे. कामगार कायद्याच्या इतिहासातही त्या साडेतीन वर्षांना जागा हवी.

मिठागराचा निकाल या तिन्हींत आधीचा: २३ नोव्हेंबर १९५६, म्हणजे राज्यपुनर्रचनेनंतर अवघे तीन आठवडे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरात ‘आगरिया’ म्हणून ओळखली जाणारी कुटुंबे मीठ पिकवत. हंगाम ऑक्टोबर ते जून. जमिनीचे पट्टे पाडलेले, एकेका आगरियाला एकेक पट्टा. हंगामाच्या आरंभी कंपनी आगाऊ रक्कम देई. तीतून आगरिया गरजेप्रमाणे हाताखाली माणसे लावी, त्यांच्याशी कंपनीचा संबंध नसे. मोबदला मणामागे. कामाचे तास ठरलेले नाहीत, हजेरीपट नाही, रजेचे नियम नाहीत. कंपनी म्हणे, हे स्वतंत्र ठेकेदार आहेत. न्या. एन. एच. भगवती यांनी हे मान्य केले नाही. मिठाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीचे अधीक्षक येऊन पाहत होते, आणि मुख्य म्हणजे आगरिया स्वतः आणि कुटुंबासह राबत होता. स्वतः राबण्याचे कबूल करतो तो कामगार. दुसऱ्यांकडून काम करून घेण्याचे कबूल करतो तो ठेकेदार. हाताखाली एखादा माणूस लावला म्हणून कामगाराचा ठेकेदार होत नाही.

हंगाम, आगाऊ रक्कम, नवरा-बायको दोघांचे कष्ट, वजनावर मोबदला. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसले असेलच. त्याकडे येतो. त्याआधी चौथा निकाल सांगायला हवा, कारण पुढच्या गुंत्याची दुसरी दोरी तिथे आहे. १९५८ च्या ‘चिंतामण राव’ प्रकरणात मध्य प्रदेशातल्या सागरचा विडी कारखाना होता. तिथे कारखानदार ‘सट्टेदार’ नावाच्या मध्यस्थांना पाने-तंबाखू देई. सट्टेदार आपापल्या जागी माणसे बसवून विड्या करून आणत. निरीक्षक कारखान्यात आला तेव्हा काही सट्टेदार माल घेऊन आलेले होते, त्यांनाच त्याने कामगार म्हणून धरले. न्यायालय म्हणाले, सट्टेदार हा स्वतंत्र ठेकेदार आहे, आणि त्याची माणसे कारखान्याची नव्हेत. हा निकाल न्या. सुब्बा रावांचाच. मध्ये सट्टेदार आला की ते कारखानदाराला मोकळे सोडतात, मध्ये कोणी नसेल तेव्हा धरतात. यात विसंगती नाही. पण धंद्याने यातून धडा घेतला तो असा, की मध्ये कोणीतरी असलेला बरा.

न्यायालयांनी केलेल्या या बारीक भेदांवर संसदेने १९६६ मध्ये दिलेले उत्तर मला जास्त मोलाचे वाटते. विडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) अधिनियमात ‘कर्मचारी’ कोण याची व्याख्या करताना दोन माणसे मुद्दाम आत घेतली होती. एक, ज्याला मालक किंवा ठेकेदार कच्चा माल देतो आणि जो घरी बसून विड्या वळतो तो. दुसरा, जो मालकाने वा ठेकेदाराने नेमलेला नाही, पण त्यांच्या परवानगीने किंवा त्यांच्याशी झालेल्या समजुतीने काम करतो तो. नेमणूक सिद्ध करा, नियंत्रण सिद्ध करा, हे ओझे इथे संपले. परवानगीने बसला ना? मग झाले. आणि रजेच्या कलमात घरी काम करणाऱ्यासाठी ‘दिवस’ म्हणजे मध्यरात्रीपासूनच्या चोवीस तासांत त्याने ज्या वेळात विड्या केल्या तो काळ, असे स्पष्टीकरण घातले. ‘पूर्णवेळ कमाई कशी काढणार’ या १९६१ च्या प्रश्नाला दिलेले हे सरळ उत्तर आहे. कायद्याचा मसुदा करणाऱ्याच्या टेबलावर तो निकाल उघडा असावा असे वाटण्याइतके सरळ. हा माझा तर्क आहे, पण कलमांची रचना त्याला बळ देते. कारखानदारांनी कायद्याला आव्हान दिले; ‘मंगलोर गणेश बीडी वर्क्स’च्या १९७४ च्या निकालाने तो टिकला. १९८५ मध्ये घरी विड्या वळणारेही भविष्य निर्वाह निधीच्या छत्राखाली आले.

न्यायालयही एका जागी थांबले नाही, हे सांगायलाच हवे. हैदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या शिंप्यांचा निकाल १९७३ चा. नगावर मजुरी, कपडा घरी नेऊन शिवण्याची मुभा, दुसरीकडे काम करायलाही आडकाठी नाही. तरी न्या. मॅथ्यू यांनी ते कामगार ठरवले: शिवण पसंत नसेल तर उसवून पुन्हा शिवायला सांगण्याचा हक्क ज्याला आहे, त्याचे नियंत्रण आहेच. १९७८ मध्ये केरळातल्या दोर कारखान्याच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी तर मधल्या ठेकेदारांचा पडदा दूर करून मागचा खरा मालक पाहण्याची वाट घालून दिली. कारखाना कायद्याच्या व्याख्येतही १९७६ मध्ये ठेकेदारामार्फत, मुख्य मालकाला माहीत असो वा नसो, नेमलेला माणूस आला.

परवानगीचे ते कलम मात्र महाराष्ट्रात वेगळ्याच वाटेने आले आणि मोंढ्यात पोचले. ५ जून १९६९ ही तारीख माथाडी कामगार विसरत नाहीत. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून झालेला ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम’ उघडून ‘कामगार’ची व्याख्या वाचावी. थेट वा कोणाही मार्फत, मजुरी असो वा नसो, आणि ‘मालकाने किंवा ठेकेदाराने नेमलेला नसला तरी त्यांच्या परवानगीने किंवा त्यांच्याशी झालेल्या समजुतीने काम करणारा’ माणूसही. १९६६ च्या केंद्रीय कायद्यातले शब्द तीन वर्षांत हमालाच्या पाठीवर आले.

हे का गरजेचे होते ते लातूरच्या मार्केट यार्डात किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यात तुरीचे, सोयाबीनचे पोते कसे हलते ते पाहिले की कळते. शेतकऱ्याची गाडी आली, माल उतरला, मापाड्याने तोलला, हमालाने चाळला, भरला, शिवला, थप्पी लावली, पुन्हा ट्रकमध्ये चढवला. एकाच दिवसात त्याच माणसाने चार आडत्यांचा माल उचलला. हमाली कधी शेतकऱ्याच्या पट्टीतून, कधी खरेदीदाराकडून. याचा मालक कोण? बाजार समितीच्या कायद्यात तर त्याला परवानाधारक केले आहे. समितीच्या संचालक मंडळावर आडते-व्यापाऱ्यांच्या जागा, आणि हमाल-मापाड्यांची एक जागा. मतदार तेच ज्यांच्याकडे परवाना आहे. कागदावर आडत्याकडेही परवाना, हमालाकडेही परवाना. न्या. दयाल यांची कसोटी लावली तर हमालाइतका स्वतंत्र धंदेवाला शोधून सापडणार नाही: येतो केव्हाही, जातो केव्हाही, मनात येईल त्याचे पोते उचलतो.

माथाडी कायद्याने हा प्रश्नच बाजूला सारला. एक मालक शोधत बसण्याऐवजी सगळ्या मालकांनी मंडळाकडे नोंद करायची. हमालांचीही नोंद मंडळाकडे. मजुरी मंडळाकडे भरायची, तिच्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही भरायची. मजुरी मंडळ वाटणार, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस. वाजे प्रकरणात जी चार दिवसांची रजा हरवली, ती इथे पोत्यागणिक थोडी थोडी जमा होते. त्यात एक मेख आहे: कायदा राज्याचा असला तरी तो आपोआप सगळीकडे लागू होत नाही. जिल्हावार, धंदेवार अधिसूचना आणि योजना लागते, मंडळ लागते, मंडळाला निरीक्षक लागतात. मुंबईत जे आधी झाले ते मराठवाड्यात उशिरा आले, आणि आल्यावरही नोंदणी न करता काम करून घेणाऱ्यांशी झगडा चालूच राहिला. तरीही मोंढ्यातल्या हमालाला ‘तुझा मालक कोण ते दाखव’ असे म्हणून परत पाठवता येत नाही, हे मोठे आहे.

कंधार, लोहा, मुखेड, जळकोट, अहमदपूर इथून दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांना मात्र अजून तेच विचारले जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार करतो तो ठेकेदाराशी. उचल कारखान्याकडून ठेकेदाराला, त्याच्याकडून मुकादमाला, मुकादमाकडून कोयत्याला. मोबदला टनावर. कारखान्याच्या दफ्तरात कोयत्याचे नाव शोधायला गेलात तर बहुधा करारदाराचे आणि वाहनाचे सापडेल. वाद झालाच तर कारखान्याचे उत्तर सागरच्या सट्टेदाराचे: आमचा व्यवहार ठेकेदाराशी, त्याची माणसे त्याची. शिवाय फड शेतात असतो, कारखान्याच्या आवारात नाही, त्यामुळे कारखाना कायदा तिथवर पोचत नव्हता. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांसाठी १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता. त्याची मर्यादा वीस माणसांची. महाराष्ट्राने ती पुढे पन्नास केली. दहा-पंधरा कोयत्यांच्या टोळीत माणसे वीस-तीस. म्हणजे टोळी बाहेर. उलट हीच टोळी उदगीरवरून कर्नाटकात उतरली तर १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा पाच माणसांनाच लागू होई, निदान कागदावर. सांगली-साताऱ्याकडे गेली तर तेही नाही. बेळगावच्या उसाला आणि सांगलीच्या उसाला कोयता मात्र एकच लागतो.

आता कारखान्याचे नियंत्रण आहे की नाही, हे १९५६ च्या कसोटीवर पाहू. कोणत्या दिवशी कोणाचा ऊस तुटणार हे तोडणी कार्यक्रमात कारखाना ठरवतो. फडावर कारखान्याचा चिठ्ठ्या देणारा माणूस, चिटबॉय, असतो. ऊस जमिनीलगत तुटला का, वाढे छाटले का, पाचट निघाले का, यावर बोलणारा कारखान्याचाच शेतकी विभाग. वजन कारखान्याच्या काट्यावर. आणि गैरहजेरी? वाज्यांच्या कारखान्यात माणूस केव्हाही घरी राहू शकत होता, म्हणून तो कामगार नव्हता. इथे न गेल्यास ‘खाडा’ लागतो. मजुरी बुडते ती वेगळीच, वर दंड उचलीत चढतो. म्हणजे १९६१ च्या बहुमताने ज्या स्वातंत्र्यावर बोट ठेवले होते तेही इथे नाही. आगरियाची आणि कोयत्याची तुलना केली तर कोयत्याची बाजू कमकुवत ठरेल असा एकही मुद्दा मला सापडत नाही. स्वतः राबतो तो कामगार, दुसऱ्यांना राबवतो तो ठेकेदार. १९५६ चा निकाल कोयत्याचे वर्णन करतो आणि १९५८ चा मुकादमाचे. अडचण अशी, की दोघे एकाच टोळीत राहतात आणि कागद एकट्या मुकादमाच्या नावाचा असतो.

मालक कोण याचे एक उत्तर तर साखर धंद्याने स्वतःच दर काही वर्षांनी दिले आहे. तोडणीचा दर शेतकरी ठरवत नाही, मुकादमही नाही. राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना समोरासमोर बसतात, कोयता बंद राहतो, लवाद बसतो, करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये असाच करार झाला: तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ, मुकादमाच्या कमिशनमध्ये १ टक्का वाढ. ज्यांचा मजुरांशी संबंधच नाही ते मजुरांशी मजुरीचा करार का करतात, हे एखाद्या न्यायालयाने विचारायला हवे. मुकादमाचे कमिशनसुद्धा त्याच कागदावर ठरते, हे तर अधिकच बोलके. स्वतंत्र ठेकेदाराचा नफा त्याच्या गिऱ्हाइकांचा संघ राज्यभर एकाच आकड्यात ठरवून देतो, असे दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालते?

सरकारने या पेचातून काढलेली वाट अर्धी माथाडीची आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये, आणि तेवढीच भर सरकारची. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली: १० जिल्हे, ४१ तालुके, ८२ वसतिगृहे, नांदेड आणि लातूर त्यांत आहेत. लेव्ही आली, कल्याण आले. पण माथाडीत लेव्हीबरोबर मजुरीही मंडळाकडे भरावी लागते आणि मालकाची नोंद होते. इथे रक्कम टनावर जमा होते, माणसावर नाही. ज्याने ऊस तोडला त्याची रजा, त्याचा निधी, त्याच्या अपघाताची भरपाई कोणाच्या नावावर चढवायची, हे त्या १० रुपयांवर लिहिलेले नसते.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने याच धर्तीवर शहरातल्या नव्या मजुराला जागा दिली आहे. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या औसा रोडवर जेवणाचे डबे पोचवणारा मुलगा ‘गिग कामगार’. आणि त्याची व्याख्याच अशी, की पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर राहून कमावणारा. त्याच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत घालायचे, तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच. १९६६ च्या कायद्याने बाहेर उभ्या असलेल्याला व्याख्येत ओढून आत आणले होते. इथे व्याख्येतच त्याला बाहेर उभे केले आहे आणि हातावर काही ठेवले आहे. तो १९६६ चा विडी कायदा स्वतः नव्या संहितांमध्ये विसर्जित झाला; त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. राज्याचा माथाडी कायदा मात्र विसर्जित कायद्यांच्या यादीत नव्हता.

ऊसतोडीबाबत एक कागद २०२१ पासून तयार होऊ लागला आहे. सलग तीन वर्षे किंवा अधिक तोडीला जाणाऱ्यांची गावोगाव पाहणी करायची, नोंद करायची आणि ओळखपत्र द्यायचे, असा शासन निर्णय आहे. ध्रांगध्र्याच्या मिठागरात हजेरीपट नव्हता, तरी न्यायालयाला कामगार दिसला, कारण कंपनीचा माणूस पट्ट्यावर येऊन उभा राहत होता. ऊसतोडीत कागद भरपूर आहेत: तोडणी कार्यक्रम, काट्याच्या पावत्या, उचलीच्या नोंदी, साखर संघाचा दरकरार. तोडणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचा जो कागद या निर्णयाने येतो तो ओळखपत्राचा, आणि त्यावर सही ग्रामसेवकाची. म्हणजे ज्या गावातून तो सहा महिन्यांसाठी बाहेर पडतो त्या गावाची, ज्या कारखान्यासाठी तो तोडतो त्याची नव्हे.